अठ्ठ्याण्णव टक्के पंखा

अपील न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे पक्षकार, कारकून आणि जांभया यांच्याशिवाय कुणी फिरकत नाही. पण आज ध्वनिमहर्षी येणार होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं यंत्र येणार होतं.

"तेच का हो ते? आवाज ऐकवला की गुन्हेगार सांगतं ते?"

"गुन्हेगार काय घेऊन बसलात! माझ्या मेव्हणीच्या नवऱ्याने कुठल्या बाईशी फोनवर लाडीगोडी केली तेसुद्धा सांगितलं."

"आणि बरोबर निघालं?"

"बरोबर म्हणजे? घटस्फोट झाला की!"

घटस्फोट झाला म्हणजे यंत्र खरं, हे ऐकून आजूबाजूच्या चारजणांनी माना डोलावल्या. वकीलबाई त्या गर्दीतून बगलेत फाइल धरून वाट काढत होत्या. त्यांना वाटलं, इथेच थांबावं आणि या चौघांना एकेक करून विचारावं. पण अकरा वाजत आले होते, आणि त्यांचा स्वभाव असा की विचारायला लागल्या तर संध्याकाळच झाली असती.

तेवढ्यात जिन्यावर गलका झाला. ध्वनिमहर्षी आले. पांढरा सूट, सोनेरी काड्यांचा चष्मा, चेहऱ्यावर सगळं आधीच कळून चुकल्याचं हसू. मागे दोन मदतनीस निळ्या मखमलीत गुंडाळलेली पेटी नवरीसारखी सांभाळत आणत होते. त्या पेटीचं नाव सत्यकर्ण. वरती छोटा कर्णा, पुढे काचेची पट्टी, तिच्यावर आकडा उमटायचा. आकडा हिरवा झाला की माणूस तुरुंगात.

"आवाज म्हणजे आत्म्याचा अंगठा!" महर्षी जिन्यावरूनच सुरू झाले. "माणूस खोटं बोलेल, साक्षीदार फिरेल, पण सत्यकर्णाला नातं नाही, गोतं नाही, भूक नाही, भीती नाही!"

"अक्कलही नाही," वकीलबाई पुटपुटल्या आणि कोर्टात शिरल्या.

मागच्या बाकावर लिफ्टवाल्याची बायको बसली होती. मांडीवर हात, हातात हात. शाळेचे गणवेश शिवून तिची बोटं खरखरीत झाली होती. वकीलबाईंकडे बघून ती हसली खरी, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

तिच्या नवऱ्याला सात वर्षांची शिक्षा झाली होती. माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा, तोंडाने फटकळ. एका फर्निचरच्या दुकानातली मालाची लिफ्ट धोक्याची आहे म्हणून त्याने ती बंद करून टाकली. दुकानदार भडकला, दोघांची चांगलीच जुंपली. पुढे काही दिवसांनी दुकानदाराला निनावी फोन आला, "तुझं दुकान उद्या राख होणार." आणि दुसऱ्या दिवशी दुकान खरोखरच जळालं. नशिबाने आत कुणी नव्हतं. फोन कुणाचा? दुकानदार म्हणाला, लिफ्टवाल्याचा. दुसरं कोण असणार?

फोन ज्या मोबाइलवर आला आणि भरला गेला तो आगीत गेला. पण त्याआधी दुकानदाराने ते बोलणं मेहुण्याला पाठवलं होतं, मेहुण्याने साडूला, साडूने आपल्या जावयाला, आणि जावयाच्या मोबाइलमधून ते पोलिसांकडे आलं. मूळ फोन कुणी पाहिला नाही. मधल्या तिघांनी काय कापलं, काय जोडलं, हे कुणी विचारलं नाही. कुठल्या यंत्रातून उतरवलं, कुणी उतरवलं, ते जसंच्या तसं आहे का, याची लेखी हमी कायद्याने द्यावी लागते. तीही कुणी दिली नाही. पोलिसांनी तो आवाज ध्वनिमहर्षींकडे नेला, सोबत लिफ्टवाल्याच्या आवाजाचा नमुना दिला. सत्यकर्ण गुणगुणला, काचेवर हिरवा आकडा आला, अठ्ठ्याण्णव टक्के. खटल्यात त्या आकड्याला निशाणी क्रमांक पडला आणि खेळ खलास झाला.

कोर्टात एखाद्या वस्तूला निशाणी क्रमांक पडणं म्हणजे खरं तर तिला ओळखीसाठी नंबर देणं, दुसरं काही नाही. पण कोर्टाच्या वर्षानुवर्षांच्या सवयीने असं झालंय की एकदा निशाणी पडली की ती वस्तू सोवळ्यात जाते. मग तिला कुणी हात लावत नाही. लिफ्टवाल्याचा आधीचा वकील त्या दिवशी खोकल्याने बेजार होता. "हरकत आहे का?" असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तो खोकत होता, आणि खोकला संपला तोवर निशाणी पडलेली होती.

हे सगळं वकीलबाईंना तोंडपाठ होतं. पण त्यांच्या काळजात रुतली होती ती दुसरीच गोष्ट. पहिल्या भेटीला लिफ्टवाल्याची बायको त्यांच्या ऑफिसात आली, तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "बाई, एक विचारू? रागावू नका. मशीन खोटं बोलतं का हो?"

"का?"

"मी तुरुंगात गेले होते भेटायला. तेव्हा यांना विचारलं, खरं सांगा, तुम्हीच केला होता का फोन? त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. तेव्हापासून एक शब्द नाही बोलले. भेटायला गेले की समोर येऊन बसतात, वेळ संपली की उठून जातात. एवढं बोलणारा माणूस, बाई. लिफ्टशीसुद्धा बोलायचे." तिने ओठ दाबून धरले. "मी तर त्यांचा आवाज पंधरा वर्षं ऐकलाय. पण ते अठ्ठ्याण्णव टक्के म्हणाले ना..."

वकीलबाईंना तेव्हा संताप आला होता तो या बाईचा नाही, त्या हिरव्या आकड्याचा. माणूस तुरुंगात गेला होता तो गेलाच, वर त्याच्या घरातलाही विश्वास त्या पेटीने चोरून नेला होता. अपील हरलं तर तो सात वर्षं आत राहणार होता. पण अपील नुसतं कलमांच्या आधारावर जिंकलं, तरी या बाईच्या मनातली अठ्ठ्याण्णव टक्के शंका कुठे जाणार होती? ती पेटी खोटी आहे हे तिला डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

पण खोटी आहे म्हणजे कुठे खोटी आहे? वकीलबाईंनी डोकं खाजवून खाजवून कंगव्याची गरज संपवली, तरी सापडेना. आणि मग ते सापडलं घरातच, आईमुळे.

आई ध्वनिमहर्षींची भक्त. तिला गाण्याची हौस. दुपारी तास-दोन तास बाजाची पेटी घेऊन बसायची, आणि आवाज असा लावायची की खालच्या मजल्यावरचं मांजर माळ्यावर जाऊन बसायचं. एके दिवशी तिला निनावी फोन आला. तोंडाला रुमाल लावल्यासारखा घोगरा आवाज, "बाई, ते गाणं बंद करा. लोकांची झोप मोडते." आईचा अपमान झाला, आणि मोबाइलने ते बोलणं भरून ठेवलं. संशय अर्थातच शेजारच्या काकूंवर. आईने काकूंना पाण्याच्या पंपाबद्दल बोलतं करून गुपचूप त्यांचा आवाज भरून घेतला, दोन्ही आवाज घेऊन ध्वनिमहर्षींकडे गेली, आणि संध्याकाळी विजयी मुद्रेने परत आली.

"अठ्ठ्याण्णव टक्के! मी म्हणत नव्हते? काकूच ती!"

दोन घरांतली ये-जा बंद झाली. विरजणसुद्धा मागायचं नाही म्हणजे वैर किती टोकाला गेलं होतं बघा. पण काकूही काही कच्च्या गुरूच्या चेली नव्हत्या. त्यांनी आईकडून तेच बोलणं मागून घेतलं, "मलाही ऐकू दे माझा आवाज" म्हणून, आणि आईच्या गाण्याचा एक तुकडा घेऊन त्याही महर्षींकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी दार वाजलं.

"अठ्ठ्याण्णव टक्के," काकू दारातूनच म्हणाल्या. "फोन तुमचाच होता वहिनी. तुम्हीच तुम्हाला केलात."

आई थक्क. "म्हणजे माझं गाणं बंद करा असं मीच मला सांगितलं?"

"यंत्राला नातं नाही, गोतं नाही," काकू म्हणाल्या. "आतून वाटत असेल तुम्हाला."

वकीलबाई जेवता जेवता थांबल्या. घास हातातच राहिला. एकच बोलणं, एकदा काकूंचं अठ्ठ्याण्णव टक्के, एकदा आईचं अठ्ठ्याण्णव टक्के. दोघी मिळून एकशे शहाण्णव. कोपऱ्यात बसलेल्या वडिलांनी मात्र तेवढ्यात वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं, आणि रुमाल खिशात जरा जास्तच खोल कोंबला. त्यांचा आवाज तपासायला न्यावा असं दोघींपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. वकीलबाईंना सगळं दिसलं, पण त्या वडिलांच्या लाडक्या, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

आता कोर्टात दोन न्यायमूर्ती येऊन बसले. थोरले न्यायमूर्ती कमी बोलणारे, अर्धे डोळे मिटून ऐकणारे. झोपले असं समजून ज्यांनी ज्यांनी थाप मारली ते सगळे पस्तावले होते. शेजारी धाकट्या न्यायमूर्तीबाई, टोकदार पेन्सिल आणि त्याहून टोकदार नजर. दोघांच्या डोक्यावर एक पुरातन पंखा फिरत होता, घर्र, घर्र, खट्. बांधकाम खात्याला किती वेळा सांगून झालं होतं, पण पंखा आणि खातं दोघंही आपल्याच गतीने चालत होते.

सरकारी वकील उठले. "साहेब, मुळात ही चर्चाच नको. ध्वनिमहर्षींच्या अहवालाला खालच्या कोर्टात निशाणी पडलेली आहे. तेव्हा बचावाने हरकत घेतली नाही. आता अपिलात हरकत म्हणजे जेवण झाल्यावर मीठ कमी होतं म्हणण्यासारखं आहे."

"वकीलबाई?" धाकट्या बाईंनी विचारलं.

"साहेब, कागद वेळेत आला नाही, सही राहिली, असली तक्रार असती तर मी आता बोलू शकले नसते. पण इथे जेवणात मीठ कमी नाही, ताटात दगड आहे. दगड खाऊन झाला म्हणून तो अन्न होत नाही. मूळ फोन नाही, हमी नाही, आणि यंत्र आतून कसं चालतं हे कोर्टाला कुणीही सांगितलेलं नाही. असा पुरावा आत येऊच शकत नाही, हे कधीही सांगता येतं."

थोरल्यांचे डोळे किंचित उघडले. "यंत्र कसं चालतं?" त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं.

"साहेब, त्यासाठी खुद्द ध्वनिमहर्षी इथे आले आहेत. त्यांची तर इच्छाच आहे की कोर्टाने परीक्षा घ्यावी."

वकीलबाईंना हेच हवं होतं. महर्षींचा अहंकार त्यांच्या सत्यकर्णापेक्षाही भरवशाचा होता. त्या लगेच उठल्या. "बचावाची हरकत नाही, साहेब."

सरकारी वकिलांनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. पण थोरल्यांनी मान हलवली होती. पुरावा आत घेण्याजोगा आहे की नाही हे ठरवण्यापुरती साक्ष घेऊ, असं ते म्हणाले. महर्षी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले, मखमल दूर झाली, गर्दीतून "आऽऽ" असा आवाज उठला.

"आरोपीच्या आवाजाचा नमुना यंत्रात आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

"आहे ना. सत्यकर्ण एकदा ऐकलेलं विसरत नाही."

"मग दुसऱ्या कुणाचा तरी आवाज देऊन बघू या."

"कुणाचा?" सरकारी वकील उसळले. "बचावाने आधीच तयार करून आणलेला नसेल कशावरून?"

"मग तुमच्याकडचा द्या."

"आमच्याकडचा दिला तर तुम्ही म्हणाल आम्ही तयार केला!"

यावर बराच वेळ खडाजंगी झाली. शेवटी थोरल्यांनी हात वर केला आणि छताकडे बोट दाखवलं. "आमचा पंखा घ्या. त्याचं कुणाशी वैर नाही, आणि तो कुणाचा साडूही नाही."

कोर्टाच्या कारकुनाने मोबाइल वर धरला. सगळं कोर्ट शांत बसलं. घर्र, घर्र, खट्. ते घर्रघर्र सत्यकर्णाच्या कर्ण्यात सोडलं गेलं. यंत्र गुणगुणू लागलं, निळा प्रकाश फिरला, महर्षींनी डोळे मिटून छातीशी हात नेला. काचेच्या पट्टीवर आकडा थरथरला, स्थिरावला, हिरवा झाला. खाली अक्षरं उमटली.

कारकुनाने ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. "साहेब... आरोपी. अठ्ठ्याण्णव टक्के."

मग गर्दीतून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा हॉल फुटला. मेव्हणीच्या नवऱ्याची गोष्ट सांगणारा मात्र एकदम गंभीर झाला होता, बिचाऱ्याला घटस्फोट आठवला असावा.

महर्षींच्या तोंडचं पाणी पळालं, पण जीभ शाबूत होती. "साहेब, यात आश्चर्य नाही! आरोपी लिफ्टचा कारागीर. मोटार, चाकं, तेल यांत आयुष्य गेलं. त्याच्या आवाजात यंत्राची कंपनं उतरली आहेत, आणि या पंख्यातही तीच..."

"म्हणजे पंख्याने दुकानदाराला फोन केला असू शकेल?" धाकट्या बाईंनी विचारलं.

"तसं नव्हे..."

"थांबा. एक सोपा प्रश्न. यंत्र नव्या आवाजाची तुलना कशाशी करतं?"

"पोटात साठवलेल्या नमुन्यांशी. त्यातला सर्वांत जवळचा शोधतं. अचूक!"

"पोटात आत्ता किती नमुने आहेत?"

महर्षींनी चष्मा नाकावर सारखा केला. "या प्रकरणात... एक."

"कुणाचा?"

"आरोपीचा."

"म्हणजे," धाकट्या बाई पेन्सिल खाली ठेवत म्हणाल्या, "वर्गात मुलगा एकच, आणि तुम्ही विचारता पहिला कोण आला. पंखा दिला काय, मांजर दिलं काय, किंवा हे न्यायालय दिलं काय, जवळचा तोच निघणार. दुसरं कुणी आत नाहीच. मग अठ्ठ्याण्णव कुठून आले? शंभर का नाही?"

महर्षी पेटीवरची मखमल नीट करू लागले.

"शपथेवर आहात," थोरले हळूच म्हणाले.

"साहेब, यंत्र शंभरच दाखवायचं." महर्षींचा आवाज प्रथमच साध्या माणसासारखा आला. "पण शंभर म्हटलं की वकील भांडतात. लोकांना खोटं वाटतं. म्हणून दोन टक्के मी कमी केले. नम्रतेपोटी."

मागच्या बाकावर लिफ्टवाल्याची बायको उभी राहिली होती. कोर्टात असं उभं राहायचं नसतं, पण शिपायाने तिला बसवलं नाही. तिने तोंडावर हात धरला होता आणि ती हसत होती की रडत होती ते सांगता आलं नसतं. वकीलबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग पटकन फाइलीत तोंड खुपसलं, कारण त्यांचेही डोळे भरून आले होते आणि वकिलाने कोर्टात रडायचं नसतं.

थोरल्यांनी निकाल तिथेच सांगितला. लेखी नंतर आला, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते बोललेलंच.

"निशाणी क्रमांक म्हणजे कपाटातल्या वस्तूचा नंबर. तो खरेपणाचा शिक्का नव्हे. एखादी गोष्ट यंत्रातून आली, काचेवर उमटली, हिरव्या रंगात आली, म्हणून ती खरी होत नाही. कुठून आली, कुणी हाताळली, आत काय चालतं, आणि चुकली तर कळणार कसं, हे आत घेण्याआधी विचारायचं असतं. खालच्या कोर्टाने दारातच हे विचारलं असतं तर एका माणसाचा तुरुंगवास वाचला असता. साक्षीदार माणूस असला तर आपण त्याला उलटसुलट विचारून हैराण करतो. यंत्राला एकही प्रश्न विचारत नाही. का? त्याच्या तोंडावर घाम दिसत नाही म्हणून? हा अहवाल पुराव्यातून काढून टाकला आहे. तो काढल्यावर मागे उरते फक्त एक भांडण, आणि भांडणाला शिक्षा नाही. आरोपी निर्दोष. आणि कारकून, बांधकाम खात्याला परत एकदा लिहा. पंख्यावरचा आरोप आम्ही मागे घेतला आहे, पण त्याला तेलाची गरज आहे."

बाहेर आल्यावर सरकारी वकील वकीलबाईंच्या जवळ आले. "हरलो," ते म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "पण बाई, खरं सांगा, तुम्हाला आधी कसं कळलं?"

"आमच्या आईने स्वतःलाच धमकी दिली होती," वकीलबाई म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. मखमलीची पेटी आता मदतनीस नुसतीच बगलेत मारून नेत होते. जिन्यावर कुणी बाजूला झालं नाही.

कागद तुरुंगात पोचायला दुसरा दिवस उजाडला. लिफ्टवाल्याची बायको सकाळपासून वकीलबाईंच्या घरी येऊन बसली होती. आईने तिला चहा दिला, काकूंनी बिस्किटं आणली. आई आणि काकू एकाच सोफ्यावर बसल्या होत्या, थोड्या अंतरावर, पण एकाच. शेवटी लिफ्टवाल्याच्या बायकोचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने तो कानाला लावला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला.

"कोण?"

"मी."

इतके दिवस न ऐकलेला तो आवाज. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. पण तिने ते मनगटाने पुसलं, ताठ बसली आणि म्हणाली, "असं मी म्हणून चालणार नाही. आधी सांगा, आपल्या घरातली कुठली खिडकी लागत नाही?"

आई आणि काकू सोफ्याच्या कडेला सरकल्या.

"स्वयंपाकघरातली," आवाज आला. "आणि तू परत तिला तेल घातलं असशील. तेलाने होत नाही ते, बिजागरी फिरवायला लागते, किती वेळा सांगितलंय!"

"तेच आहेत," तिने फोनवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, आणि मग फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला. "अहो, माझं चुकलं. मी तुम्हाला विचारलं, तुम्हीच केला का म्हणून."

"मला विचारलंस त्याचं काही नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता, पण बोलणं आता थांबत नव्हतं. "बायकोने नवऱ्याला विचारायलाच पाहिजे. पण त्या डबड्यालाही विचारायचं होतंस."